दोरीवरचं चित्र

भाचीने पाठवलेलं चित्र माझ्या फोनवर आलं तेव्हा ते नखाएवढं होतं. दोन बोटांनी ताणून मोठं करायला गेलो, तर खाली तिचा निरोप : "मामा, मोठं करू नकोस. दुकानात एवढंच दिसणार आहे. कसं वाटतंय ते खरं सांग."

मी 38 वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं केली. कादंबऱ्या, पाककृती, ज्योतिष, दहावीची गाइडं आणि मोजता येणार नाहीत इतक्या रहस्यकथा. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, माझ्या हातात इतका बसलाय की वाण्याची यादीसुद्धा मी त्याच मापाच्या कागदावर लिहितो. आणि इथे भाची अन् तिचे दोन मित्र मिळून संगणकावरचा खेळ बनवणार, परदेशी ऑनलाइन दुकानात तो विकायला ठेवणार, आणि त्याच्या कव्हराचं मूल्यमापन करणार मी! खेळाचं नाव 'तर', म्हणजे होडी. कोकणातली खाडी, रात्रीची वेळ, तरीवाला परतलेला नाही, म्हणून त्याची अकरा वर्षांची मुलगी कंदील घेऊन त्याला शोधायला निघते. कंदिलाची वात वर-खाली केली की काठावरच्या वेगवेगळ्या गोष्टी दिसू लागतात. एवढाच खेळ.

मी तिला म्हटलं, मला महिनाभर दे. ज्या धंद्याची परंपरा ठाऊक नाही, त्यात मत देणं म्हणजे परक्या घरच्या आमटीला मीठ सुचवणं.

कसोट्या मात्र माझ्या जुन्याच होत्या. शनिवार पेठेतल्या माझ्या पहिल्या प्रकाशकांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली असायची. तिच्यावर इतरांची वीसेक पुस्तकं चिमट्यांनी लटकवलेली. मी नेलेलं चित्र ते मधेच कुठेतरी अडकवत, दारापाशी जाऊन उभे राहत आणि चष्मा काढत. चष्म्याशिवाय जे उरेल तेवढंच स्टॉलवर विकलं जातं, असा त्यांचा हिशेब. ही पहिली नजर, गिऱ्हाइकाची. दुसरी वाचकाची. पुस्तक संपवल्यावर माणूस ते मिटतो आणि मुखपृष्ठाकडे पुन्हा एकदा बघतो. त्या क्षणी चित्र वाढलं पाहिजे. पहिल्या नजरेला नुसती खिडकी वाटली, तिच्यातून कोण कधी गेलं ते दुसऱ्या नजरेला कळलं, असं काहीतरी. म्हणून हस्तलिखित पूर्ण वाचल्याशिवाय प्रकाशक मला ब्रश उचलू द्यायचे नाहीत.

या दोन नजरा घेऊन मी खेळांच्या कव्हरांचा इतिहास धुंडाळायला बसलो. आणि सुरुवातीलाच भेटली ती एक आई.

1979 साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये रिचर्ड गॅरियट हा मुलगा संगणकाच्या दुकानात काम करत होता. त्याने 'अकालाबेथ' नावाचा खेळ लिहिला. तो दुकानात ठेवायचा ठरला तेव्हा फ्लॉपी आणि झेरॉक्स काढलेली पानं झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, आणि वरच्या कागदासाठी चित्र काढून दिलं त्याच्या आईने, हेलन गॅरियटने. ती चित्रकार होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात रॉबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्याने 'मिस्टरी हाउस' काढला. संगणकावरच्या साहसखेळात चित्रं आणणारा हा पहिला खेळ. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची सत्तरेक दृश्यं रॉबर्टाने स्वतः काढली. तोही तसल्याच पिशवीतून विकला गेला. आपल्याकडे जत्रेत चिवड्याच्या पुडीवर आतून चिठ्ठी लावतात, तेवढंच ते कव्हर. पण खेळ करणारा, चित्र काढणारा आणि पिशवी बंद करणारा एकाच घरात होता, हे मला महत्त्वाचं वाटलं. चित्रकाराने खेळ पाहिलाच नाही, अशी सोय तिथे नव्हती.

मग कारखाने आले. अटारी कंपनीचं घरगुती यंत्र 1977 चं. त्याच्या कॅसेटच्या डब्यांवर क्लिफ स्पॉन या चित्रकाराने एक शैली बसवली. एकाच चित्रात चार-पाच प्रसंग एकमेकांत मिसळलेले, सिनेमाच्या पोस्टरसारखे. 1980 साली याच यंत्रासाठी वॉरन रॉबिनेटने 'अॅडव्हेंचर' लिहिला. सगळा खेळ 4 किलोबाइटमध्ये बसवलेला. त्यात तुम्ही म्हणजे एक चौकोन. खरोखर चौकोनच, ना डोकं, ना पाय. तुमच्यावर धावून येणारे तीन ड्रॅगन हुबेहूब बदकांसारखे दिसतात. डब्यावर मात्र सुझन जेकेलने रंगवलेले किल्ले, वळणावळणाचा चक्रव्यूह आणि खरेखुरे ड्रॅगन होते.

ही फसवणूक नाही का? मला आधी तसंच वाटलं, कारण माझ्या घरात ती घडली होती. नव्वदच्या दशकात माझ्या मुलाने हट्ट करून टीव्हीला जोडायचा गेम घेतला. त्याच्या पिवळ्या-करड्या कॅसेटवरच्या स्टिकरवर बंदूकधारी जवान, जळतं हेलिकॉप्टर, मागे स्फोट. वर आकडा : 9999 इन 1. आत खेळ होते मोजून सात. तेच सात पुन्हा पुन्हा, फक्त वेग बदललेला. जवान कुठेच नव्हता. मुलगा रडला नाही, पण त्याने खिळ्याने तो स्टिकर खरवडून काढला. कुठल्याही समीक्षकाने मुखपृष्ठाची इतकी चोख समीक्षा केलेली मी पाहिली नाही.

पण 'अॅडव्हेंचर'चं कव्हर मी दुसऱ्या नजरेला लावून पाहिलं तेव्हा माझं मत फिरलं. भाचीने मला तो खेळ संगणकावर खेळायला लावला. पिवळ्या किल्ल्यापासून चावी घेऊन निघालो, भुयारासारख्या वाटांमध्ये हरवलो, बदकाने गिळलं. संध्याकाळी डब्यावरचं चित्र पुन्हा उघडलं, तर वाट ओळखीची निघाली. चक्रव्यूह तोच, किल्ला तोच. यंत्राला जे दाखवता येत नव्हतं, ते चित्रकर्तीने माझ्या डोक्यात आधीच भरून ठेवलं होतं आणि मी त्या चौकोनाला माणूस समजून चालवत होतो. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा जे काम करतो तेच हे. कॅसेटवरचा जवान आणि डब्यावरचा ड्रॅगन, दोघेही आत नव्हते. तरी एक खोटा आणि दुसरा खरा, कारण एकाने नुसतं गिऱ्हाईक ओढलं आणि दुसऱ्याने खेळाला शब्द उसने दिले.

जाता जाता : त्या काळी अटारी खेळ लिहिणाऱ्याचं नाव कुठेही छापत नसे. म्हणून रॉबिनेटने खेळातच एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लिहून ठेवलं. माझी निम्मी मुखपृष्ठं बिननावाची आहेत. त्यांतल्या कितीतरी झाडांच्या खोडांत माझी आद्याक्षरं आहेत, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

चित्राने खेळाकडे पाहिलंच नाही की काय होतं, याचा नमुना म्हणजे 'झॉर्क'. हा नुसत्या शब्दांचा खेळ. पडद्यावर एकही चित्र नाही. तुम्ही लिहायचं आणि यंत्राने उत्तर द्यायचं. विनोदी, हुशार, पुस्तकी माणसांचा खेळ. त्याच्या पहिल्या प्रकाशकाने कव्हरावर पिळदार दंडांचा, मिशीवाला तलवारबहाद्दर छापला. खेळ लिहिणाऱ्या इन्फोकॉमच्या मंडळींना ते मुळीच रुचलं नाही, आणि पुढे त्यांनी प्रकाशन स्वतःकडे घेतल्यावर 1982 च्या 'डेडलाइन'मध्ये उलटच टोक गाठलं. हा खुनाच्या तपासाचा खेळ. फ्लॉपीत मावेना एवढा मजकूर होता, म्हणून पोलिसांच्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, इतकंच काय, पिशवीत घातलेल्या गोळ्यासुद्धा खोक्यात टाकल्या. खोकं उघडलं की तपास सुरू. कव्हर खेळाच्या बाहेर राहिलंच नाही.

1983 मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कारणं अनेक होती, पण कव्हर एक आणि आत भलतंच, याला लोक विटले होते हेही खरं. दोन वर्षांनी जपानची निन्टेंडो कंपनी अमेरिकेत उतरली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या काळ्या डब्यांवर रंगवलेली चित्रं नव्हतीच. खेळातलेच ठोकळे-ठोकळे मोठे करून छापले होते. आत हे आहे, घ्यायचं तर घ्या. हा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण दुसऱ्या नजरेला त्यात काही मिळत नाही. पाककृतीच्या पुस्तकावर शिऱ्याचा फोटो असतो, तसं ते.

दोन्ही नजरा जिंकणारं पेटीचं युग खऱ्या अर्थाने फुललं ते लुकासफिल्म गेम्समध्ये. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा 1990 चा समुद्री चाच्यांचा विनोदी साहसखेळ. मूळ आवृत्ती 16 रंगांची, पडदा 320 बाय 200 ठिपक्यांचा. नायकाचा चेहरा म्हणजे मोजके ठिपके. कव्हर रंगवलं स्टीव्ह परसेलने, आणि तो बाहेरचा भाडोत्री चित्रकार नव्हता. त्याच कंपनीत, त्याच खेळावर काम करणारा होता. म्हणून त्या चाच्यांच्या चेहऱ्यांवर खेळातला मिश्कीलपणा आहे, कुठल्याही चाच्यांचा क्रूरपणा नाही. पेटीही चांगली जाडजूड, पुठ्ठ्याची. आमच्या दिवाळी अंकापेक्षा मोठी. चित्रकाराला हात-पाय पसरायला जागा होती. 2000 च्या सुमारास दुकानदारांच्या सोयीसाठी ती पेटी आकसून डीव्हीडीच्या डब्याएवढी झाली. या धंद्यात शैली बदलण्याआधी नेहमी फळी बदललेली दिसते.

आता ज्या एका कव्हरासाठी मला महिना दिल्याचं सार्थक झालं, त्याच्याकडे येतो.

'इको' हा 2001 चा जपानी साहसखेळ. डोक्यावर शिंगं असलेल्या मुलाला एका ओसाड किल्ल्यात सोडून दिलेलं असतं. तिथे त्याला एक मुलगी भेटते. तिची भाषा त्याला कळत नाही. तिला घेऊन बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट. आणि खेळातली मुख्य कृती कोणती, तर एक बटण दाबून ठेवायचं : तिचा हात धरायचा. बोट उचललं की हात सुटला.

हा खेळ आधी अमेरिकेत आला, सप्टेंबरमध्ये. मग जपानात डिसेंबरमध्ये आणि युरोपात पुढच्या वर्षी. खेळाचा दिग्दर्शक फुमितो उएदा कव्हर स्वतः रंगवत होता, पण अमेरिकेच्या मुदतीपर्यंत चित्र पुरं झालं नाही. तिथे दुसरंच कव्हर छापलं गेलं. समोर मुलाचा मोठा, रागीट चेहरा, हातात काठी, मागे किल्ला आणि मुलगी. दोरीवर लटकवलं असतं तर आजूबाजूच्या वीसमध्ये ते एकविसावं म्हणून मिसळून गेलं असतं.

जपान आणि युरोपातल्या लोकांना मिळालं ते उएदाचं चित्र. इटालियन चित्रकार जॉर्जो द किरिको याच्या 'अनंताची ओढ' म्हणता येईल अशा नावाच्या चित्राची सावली त्यावर उघड दिसते : उंच निर्जन वास्तू, लांबच लांब सावल्या, खाली कणाएवढी माणसं. उएदाच्या चित्रातही ऊन पडलंय, वास्तू अवाढव्य आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी दोन इवल्या आकृत्या धावताहेत. निरखून पाहिलं तर हातात हात आहेत.

पहिल्या नजरेला हे चित्र सांगतं : इथे फार शांतता आहे. खेळ संपवून परत आलात की त्यातल्या त्या दोन हातांखेरीज तुम्हाला काही दिसेनासं होतं. सात-आठ तास बोट दाबून धरलेलं असतं तुम्ही. वास्तू एवढी मोठी का रंगवली तेही आता कळतं. ती मोठी असल्याशिवाय हात लहान कसे वाटणार? चित्र बदललेलं नसतं, तुम्ही खेळून आलेले असता. माझे प्रकाशक असते तर चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला असता.

भाचीला हे सगळं उत्साहाने ऐकवलं. तिने शांतपणे उएदाचं चित्र संगणकावर लहान केलं. आणखी लहान. 120 बाय 45 ठिपके. हात गेले, मुलं गेली, सावल्यांचा करडा डाग उरला.

"मामा, हे आमच्या दुकानातलं सगळ्यात छोटं माप. यादीत एवढंच दिसतं."

इथे दुकानाबद्दल सांगायला हवं. स्टीम हे संगणकी खेळांचं ऑनलाइन दुकान 2003 मध्ये सुरू झालं. 2017 पासून 100 डॉलर भरले की कुणालाही तिथे आपला खेळ मांडता येतो. दार उघडल्यावर गर्दी झालीच; एकट्या 2024 मध्ये तिथे 18,000 हून अधिक खेळ आले. म्हणजे माझ्या प्रकाशकांच्या दोरीवर रोज पन्नास नवी चित्रं. या दुकानात कव्हराला 'कॅप्सूल' म्हणतात. औषधाची गोळी आठवते, आणि चुकीचं नाही. एका खेळाला अनेक मापांच्या कॅप्सूल द्याव्या लागतात. छोटीचं माप आता 462 बाय 174. तीच आणखी आकसून 120 बाय 45 होते. तिच्यात चित्रापेक्षा नाव वाचता येणं महत्त्वाचं, असं दुकानच सांगतं. लोक कव्हरावर पारितोषिकं, परीक्षणांचे तारे, सवलतीचे आकडे ठोकू लागले, तेव्हा 1 सप्टेंबर 2022 पासून त्यावर बंदी आली : खेळाचं चित्र, खेळाचं नाव आणि उपशीर्षक, बाकी काही नाही. आमच्याकडे 'आवृत्ती दहावी' असा पिवळा गोल चित्राच्या बरोब्बर नाकावर छापणाऱ्या प्रकाशकांना हा नियम कुणीतरी लावायला हवा होता.

या एवढ्याशा जागेत कुणी जिंकलंय का? 2016 चा 'फायरवॉच' मला मिळाला. वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट. त्याची चित्रभाषा ऑली मॉसची, जो मुळात पोस्टरं करणारा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या 1930 च्या दशकातल्या पोस्टरांची धाटणी त्याने उचलली : नारिंगी रंगाच्या चार-पाच छटा, एकामागे एक कापल्यासारखे डोंगर, टेहळणीचा मनोरा. ती जुनी पोस्टरं मोजक्या शाईत छापायची होती, म्हणून त्यांत रंग कमी आणि आकार ठसठशीत होते. ऐंशी वर्षांनी तेच काटकसरीचं तंत्र नखाएवढ्या चित्राला उपयोगी पडलं. ब्लॉक करून दोन रंगांत छापणाऱ्या माझ्या पिढीला हे गणित पाठ होतं. आम्हीच ते चार रंग परवडू लागल्यावर विसरलो.

आपल्या गावातलंही एक नाव घेतो. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा 2020 चा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केला. भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी हवेल्या, पहाडी लघुचित्रांचे रंग, आणि गोष्ट सांगायला दुर्गा व विष्णू. लघुचित्रं मुळात हातात धरून, जवळून पाहायची चित्रं. छोट्या चौकटीची सवय आपल्या परंपरेला नवी नाही, हे भाचीला मी मुद्दाम सांगितलं.

मग तिच्या चित्राकडे वळलो. मुलीचा चेहरा अर्धं चित्र व्यापून. मागे होडी, वीज, देऊळ, माडाची झाडं, पाण्यातून वर येणारा एक हात. नाव रोमन अक्षरांत, त्याला सोनेरी झळाळी. मेहनत होती, रंगाची समज चांगली. पण ते 'इको'चं अमेरिकेतलं कव्हर होतं. खेळात वीज नाही, पाण्यातून हात येत नाही, आणि मुलीचा चेहरा तर आपण कधीच बघत नाही. आपण तिच्या पाठीमागून चालतो. कंदील, ज्याच्यावर सगळा खेळ उभा, तो कोपऱ्यात काजव्याएवढा.

"चेहरा असला की लोक थांबतात, असं सगळे म्हणतात," ती म्हणाली.

"थांबतात. पण परत येत नाहीत," मी म्हणालो.

तोडगा मला तिच्याच दुकानाच्या मापांमध्ये सापडला. 2019 मध्ये स्टीमने गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या संग्रहासाठी वेगळं उभं कव्हर आणलं, 600 बाय 900. विकत घेतलेले खेळ त्या पानावर पुस्तकांच्या कपाटासारखे मांडलेले दिसतात. ते चित्र बघणारा माणूस गिऱ्हाईक राहिलेला नाही. तो आतून जाऊन आलेला असतो. माझ्या दोन नजरांना दुकानाने दोन वेगळी मापं देऊन ठेवली होती, आणि बहुतेक लोक एकच चित्र कापून दोन्हीकडे चिकटवतात. मराठी घरांच्या भिंतींवर दीनानाथ दलालांची 'दीपावली' अंकाची मुखपृष्ठं फ्रेम करून लावलेली मी पाहिली आहेत. स्टॉलवरचं काम संपल्यावर त्या चित्रांनी दुसरा संसार मांडला होता.

तेव्हा ठरलं असं. संग्रहातल्या उभ्या चित्रात काळीभोर खाडी आणि खाली एक बारीक उजेड. बापाला पलीकडच्या काठावरून जसा दिसला असेल तसा. खेळ संपवणाऱ्यालाच कळेल की हे चित्र मुलीच्या नव्हे, तिच्या बापाच्या डोळ्यांनी काढलंय. आणि दुकानातल्या छोट्या चित्रात फक्त कंदील आणि नाव. चेहरा, वीज, देऊळ रद्द.

नाव देवनागरीत लिही म्हणालो, तर ती घाबरली. 45 ठिपक्यांच्या उंचीत देवनागरी अवघडच. शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांना जागा लागते, खाली उकारांना, आणि मधल्या अक्षराच्या वाट्याला निम्मीच उंची येते. पण तिच्या खेळाच्या नावाला वर काही नाही, खाली काही नाही. दोन अक्षरं, एक रेघ. इतकं सोयीचं नाव मला 38 वर्षांत एकाही लेखकाने दिलं नाही.

अक्षरं मी लिहून दिली. बोरू तिरका कापून, काळ्या शाईने, ड्रॉइंग पेपरवर. त्यांतली चौदावी जोडी तिने घेतली, स्कॅन केली, कंदिलाच्या पिवळ्या उजेडात बसवली आणि 120 बाय 45 करून इतर वीस खेळांच्या मधे ठेवून मला दाखवली. मी चष्मा काढला. 'तर' वाचता येत होतं.